पाहुणा हात

प्रोफेसरने पिशवीतून हात काढला आणि खिडकीजवळच्या खुर्चीच्या दांडीवर ठेवला, तेव्हा सलूनमध्ये एकही गिऱ्हाईक नव्हतं हे नशीबच म्हणायचं. हात डावा होता, मनगटाच्या जरा वर संपलेला, रंगाने गव्हाळ, आणि नखांपासून शिरांपर्यंत इतका हुबेहूब की पलीकडच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या दादाने आधी पाय वर घेतले आणि मग चष्मा लावला.

"हे काय घेऊन आलात?" दादा म्हणाला. "आणि बाकीचा माणूस कुठाय?"

"रबराचा आहे, दादा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला."

"रबराचा असू दे नाहीतर चांदीचा. हे सलून आहे. इथे माणसं गळा उघडा टाकून बसतात. शेजारी असा सुटा हात दिसला तर परत येतील का?"

प्रोफेसर म्हणजे धाकट्याच्या बायकोचा भाऊ. कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायचा. नवा धडा वर्गात घेण्याआधी तो नातेवाइकांवर घेऊन बघायची त्याला खोड होती. पचनसंस्था त्याने बहिणीच्या घरी, ऐन जेवणाच्या वेळी, सगळ्यांच्या ताटांसमोर घेतली होती, तेव्हापासून बहीण त्याला उभ्या उभ्या फक्त चहा देत असे. आता मज्जासंस्थेची पाळी आली होती, आणि त्यासाठी त्याने भाऊजींना धरलं. एक तर न्हाव्याचा हात म्हणजे स्पर्शाच्या बाबतीत मुरलेला. शिवाय भाऊजींना नाही म्हणता येत नसे.

धाकटा आता नावापुरताच धाकटा उरला होता. कानशिलं पांढरी झालेली, गुडघे कुरकुरणारे. पण वर दादा असल्यामुळे त्याला बढती मिळायची सोय नव्हती. वडिलांनी जाताना दुकानाच्या किल्ल्या दादाच्या हातात दिल्या आणि वस्तरा धाकट्याच्या. तेव्हापासून खिडकीजवळची पहिली खुर्ची धाकट्याची, तिथे दाढ्या. दुसरी खुर्ची दादाची, तिथे केस कापणं आणि रडकी पोरं. दादा यावर कधी चकार शब्द बोलला नाही. फक्त एखादं गिऱ्हाईक डोळे मिटून "धाकट्या, हात कसला रे हलका तुझा!" असं म्हणालं, की दुसऱ्या खुर्चीवरची कात्री एकदम जोरात चालायला लागे आणि त्या खुर्चीतल्या पोराचे केस ठरल्यापेक्षा बरेच बारीक होत.

"बसा भाऊजी," प्रोफेसर म्हणाला.

ज्या खुर्चीमागे जन्म गेला त्या खुर्चीत धाकटा बसला. प्रोफेसरने पांढरं कापड त्याच्या गळ्याभोवती बांधलं. डावा हात कापडाखाली मांडीवर ठेवायला सांगितला, आणि रबरी हाताचं तुटकं टोक कापडाखाली असं सारलं की हात धाकट्याच्याच बाहीतून निघाल्यासारखा दांडीवर पसरला. मग फळीवरचे दाढीचे दोन ब्रश घेतले. एक रबरी बोटावर टेकवला, दुसरा कापडाखाली नेऊन खऱ्या बोटावर.

"या हाताकडेच बघा. दुसरीकडे नजर नको."

दोन्ही ब्रश एकाच वेळी, एकाच लयीत फिरायला लागले.

"आता काय चाललंय सांगतो," प्रोफेसरचा वर्गातला आवाज लागला. "बोटाच्या टोकाशी एका चेतापेशीचं टोक आहे. ब्रश लागला की तिच्यातून विजेची एक बारीक लहर सुटते. मनगट, कोपर, खांदा, तिथून पाठीच्या कण्यातून वर, मानेच्या टोकापर्यंत. तिथे ती पेशी संपते आणि पुढची सुरू होते. पण गंमत अशी की या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते."

"मग निरोप पलीकडे जातो कसा?"

"अलीकडची पेशी त्या फटीत थेंबभर रसायन सोडते. ते पलीकडचीला लागलं की ती पेटते. ती पुढचीला पेटवते. असं करत करत मेंदूपर्यंत."

"म्हणजे सगळा सांगोवांगीचा कारभार," दादा पेपराआडून म्हणाला.

"अगदी तेच, दादा! आणि ज्याला सांगायचं तो मेंदू बसलाय कवटीत. तिथे ना खिडकी ना दिवा. मिट्ट काळोख. भाऊजी, तुमच्या मेंदूने तुमचा हात आजवर एकदाही पाहिलेला नाही. त्याच्याकडे नुसते निरोप येतात. एक डोळ्यांकडून, एक बोटांकडून. दोन्ही जुळले की तो काळोखात मान डोलावतो आणि म्हणतो, हा हात माझा."

आपल्या डोक्यात आपल्या नकळत कोणीतरी अंधारात बसून आहे, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवतं आहे, ही कल्पना धाकट्याला अजिबात आवडली नाही.

"आणि निरोप खोटे असले तर?"

"त्याला कळायला मार्गच नाही."

ब्रश फिरत राहिले. बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली. आणि मग, नेमकं केव्हा ते धाकट्याला नंतरही सांगता आलं नाही, पण गुदगुली कापडाखालून निघाली आणि वर सरकली. आवाज न करता, भाडेकरूने सामानासकट खोली बदलावी तशी. आता ती दांडीवरच्या त्या हातात होती. ब्रशाचा एकेक केस त्याला त्या गव्हाळ बोटावर लागत होता, आणि मांडीवर काहीतरी जड, परकं पडलेलं होतं.

"लागतंय," तो कुजबुजला.

"कुठे?"

"तिथे."

प्रोफेसरला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला. प्राचार्यांनी मीटिंग अलीकडे घेतली होती. प्रोफेसरने "हात नंतर नेतो!" असं ओरडत ब्रश फळीवर टाकले, कापड ओढून काढलं आणि धूम ठोकली. प्रयोग अर्ध्यावर राहिला. म्हणजे स्पर्श तिकडे नेण्याचं काम झालं होतं, परत आणून सोडायचं राहून गेलं.

धाकट्याने आपला डावा हात समोर धरला. बोटं हलवून बघितली. हलली. पण कामावर नवीन लागलेला माणूस हलतो तशी, जरा विचार करून. आणि हात गार होता, माठाच्या बुडासारखा.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"काही नाही. मुंग्या आल्यात."

दादाने पेपराच्या कागदाने रबरी हात उचलला आणि आरशाखालच्या फळीवर, पावडरचा डबा आणि तुरटी यांच्यामध्ये उभा केला. हात तिथे बोटं वर करून उभा राहिला. कोणाला तरी थांब म्हणत असल्यासारखा.

इतक्यात दारात जजसाहेब उभे राहिले.

निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी जजसाहेबांचा दरारा कायम होता, आणि त्यातला बहुतेक त्यांच्या मिशीत होता. जाड, पिळदार, दोन्ही टोकांना निर्णय दिल्यासारखी थांबलेली मिशी. ती पाहूनच आरोपी गुन्हा कबूल करत असं म्हणत. त्या दिवशी कोर्टाच्या ग्रंथालयात त्यांच्या तैलचित्राचं अनावरण होतं, आणि चित्राशेजारी त्यांना स्वतः उभं राहायचं होतं.

"आज जरा नीट," पहिल्या खुर्चीत बसत ते म्हणाले. "लोक दोघांना ताडून बघणार."

धाकट्याने कापड बांधलं, फेस केला, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासला. उजवा हात नेहमीसारखा होता. दाढीत खरं काम डाव्याचं असतं हे बाहेरच्यांना कळत नाही. गाल ताणून धरायचा, कातडीचा चढउतार ओळखायचा, आणि उजव्याला न बोलता सांगायचं की इथे जपून. त्याने डावा हात साहेबांच्या गालावर ठेवला. गाल आहे हे त्याला दिसत होतं. कळत मात्र काही नव्हतं.

साहेब डोळे मिटून होते. "धाकट्या," ते म्हणाले, "हा हात कुणाचा?"

"माझाच, साहेब."

"नक्की?"

इथे धाकट्याने ताबडतोब हो म्हणायला हवं होतं. तो थांबला. साहेबांनी एक डोळा उघडला.

"सोपा प्रश्न होता."

"माझाच, साहेब. जरा गारठलाय."

"गार आहेच. पण तेवढंच नाही." साहेबांनी डोळा मिटला. "ओळख नसलेल्या माणसाने गालाला हात लावावा तसं वाटतंय."

वस्तरा गालावरून उतरला, हनुवटीला वळसा घालून ओठाच्या वर, मिशीच्या कडेशी आला. त्याच वेळी दादाने दुसऱ्या खुर्चीसाठी उकळत्या पाण्यातून टॉवेल काढून पिळला. खुंटी भरलेली होती. दादाने इकडेतिकडे पाहिलं, आणि वाफाळता टॉवेल फळीवरच्या त्या उभ्या बोटांवर टांगला.

"आई गं!" धाकटा किंचाळला.

वस्तरा झटक्याने सरकला. जजसाहेबांची डावी मिशी पांढऱ्या कापडावर एखाद्या लठ्ठ सुरवंटासारखी पडली होती. उजवी जागेवर होती, पण एकटी पडल्यामुळे तिचा अर्थच बदलला होता.

साहेबांनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"याबाबत तुला काही सांगायचंय?"

"हात भाजला, साहेब."

"तुझे दोन्ही हात माझ्या तोंडावर होते."

"हे नाही. तो." धाकट्याने वस्तऱ्याने फळीकडे दाखवलं. टॉवेलाखालून वाफ निघत होती.

धाकट्याने उरलेल्या मिशीला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. दादा पुढे आला. त्याने धाकट्याच्या हातातून वस्तरा घेतला, पहिल्या खुर्चीमागे उभा राहिला आणि उजवी मिशीही उतरवली. ओठावर थोडं कापलं, तुरटी लावली. काम झाल्यावर त्याने वस्तरा पुसला, मिटला, आणि फळीवर न ठेवता स्वतःच्या खिशात टाकला.

"दादा," धाकटा म्हणाला, "वस्तरा."

"उद्यापासून तू दुसऱ्या खुर्चीवर," दादा म्हणाला. आवाज मायेचा काढला होता, पण डोळे लकाकत होते. "हात गेला की गेला रे. त्यात तुझा काय दोष? पोरांचे केस काप. पोरं कशीही हलतातच, तुझं खपून जाईल."

धाकट्याकडे दुकान नव्हतं, किल्ल्या नव्हत्या, शिक्षण तर विचारूच नका. वडिलांनी दिलेली ती एकच वस्तू होती, आणि ती आता दादाच्या खिशात होती.

त्याने प्रोफेसरला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता ये. तुझा हात माझ्यात राहिलाय. नाही, माझा तुझ्यात... तू ये आधी."

जजसाहेबांनीही एक फोन केला. बिनमिशीचं रस्त्यावर पाऊल टाकायची त्यांची तयारी नव्हती. "चित्रकाराला बोलवा," ते फोनवर म्हणाले. "चित्रातली मिशी काढायची. हो, आजच. कारण विचारू नका, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे." मग ते बाकावर बसले आणि आपसूकच कामकाज त्यांच्याकडे गेलं.

प्रोफेसर धापा टाकत आला, आणि सगळं ऐकून हसला. "शक्यच नाही, भाऊजी. हात बाहेर काढला, डोळ्यांनी पाहिला, की भास संपतो. पुस्तकात स्पष्ट आहे. मघाशी तुम्हाला टॉवेल दिसला म्हणून मन दचकलं, बाकी काही नाही. भिंतीकडे तोंड करून उभे राहा. आता तुम्हाला काही दिसणार नाही, म्हणजे काही लागणारही नाही."

धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. प्रोफेसरने टाचणी घेतली आणि रबरी हाताला टोचली.

"अंगठ्याच्या बुडाशी," धाकटा भिंतीला म्हणाला.

प्रोफेसरचं हसू जागच्या जागी राहिलं. "योगायोग," तो म्हणाला, पण टाचणी खाली ठेवताना त्याने रबरी हाताकडे पाठ केली नाही.

दादा दबक्या पावलांनी पुढे झाला. तोंडावर बोट ठेवून त्याने सगळ्यांना गप्प केलं, आणि रबरी हाताचा मागचा भाग चिमटीत धरून पिळला.

"चिमटा," धाकटा विव्हळला. "दादाने काढलाय."

"माझंच नाव कसं घेतलंस?"

"लहानपणापासून ओळखतो तो चिमटा मी."

दुपारच्या लख्ख उजेडात चार शहाणीसुरती माणसं एका रबराच्या वस्तूपासून हातभर लांब सरकली.

"पण त्यात एकही चेतापेशी नाही!" प्रोफेसरचा आवाज फुटला. "आत नुसता कापूस आहे. तिथून निरोप निघणारच नाही!"

"निघाला नाही, पण पोचला," जजसाहेब म्हणाले. "आमच्याकडे नोटिशींचं नेमकं उलट होतं." त्यांनी मिशीला पीळ द्यायला हात नेला, तिथे काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी तसाच खाली आणला. "उपाय काय?"

प्रोफेसरने पिशवीतून पुस्तक काढलं, पानं उलटली. "आहे. निरोप जुळले म्हणून मेंदूने तो हात धरला. आता निरोप बिघडवायचे. इकडे ब्रश एका वेळी, तिकडे भलत्याच वेळी. दोन साक्षी फुटल्या की तो हात सोडेल."

"सोडेल," दादा म्हणाला, "आणि मग तो कुठे जाईल?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. आणि धाकट्याचं लक्ष दादाच्या खिशाकडे होतं.

"दादा, मला एक संधी दे."

"कशाची?"

"तुझी दाढी करतो. आत्ता. साहेबांच्या देखत."

दादाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. धाकट्याचा डावा हात बाजूला लोंबत होता, बोटं निळसर पडली होती. असा डाव रोज चालून येत नाही हे दादाने ओळखलं.

"ठीक," तो म्हणाला. "रक्ताचा एक थेंब दिसला की वस्तरा माझा. कायमचा. परत विषय काढायचा नाही."

"आणि नाही दिसला तर?"

"तर तुझा. मरेपर्यंत मी ब्र काढणार नाही."

"दोन्ही बाजू ऐकल्या," जजसाहेब म्हणाले. "करा सुरुवात."

दादाने खिशातला वस्तरा काढून दिला आणि पहिल्या खुर्चीत बसला. मान मागे टाकली. धाकट्याने कापड बांधलं, दादाचे दोन्ही हात त्याखाली गेले. फेस चढला. प्रोफेसरने घाईघाईने रबरी हात आणून खुर्चीच्या दांडीवर मांडला, तुटकं टोक कापडाखाली सारलं, दोन ब्रश घेतले आणि खुर्चीशेजारी गुडघे टेकले. तिथे एक बारीकशी चूक झाली. उपचार धाकट्याला द्यायचा होता, आणि धाकटा खुर्चीमागे उभा होता. पण पुस्तकात 'खुर्चीत बसलेल्या व्यक्तीच्या हातावर' असं छापलेलं होतं, आणि प्रोफेसर पुस्तकाबाहेर जाणाऱ्यांपैकी नव्हता. त्याने एक ब्रश रबरी बोटावर टेकवला आणि दुसरा कापडाखाली नेऊन जो हात सापडला त्याच्यावर.

दादाने तोंड उघडलं. पण तोवर वस्तरा गळ्याला लागला होता, आणि गळ्याला वस्तरा असताना चूक दाखवून देणं कोणालाच जमत नाही. त्याने तोंड हळूच मिटलं. हलायची सोय नव्हती. हललं तर रक्त, आणि रक्त आपलंच. त्याचे डोळे आरशात खिळले. आरशात खुर्ची होती, पांढरं कापड होतं, आणि कापडातून निघून दांडीवर पसरलेला एक गव्हाळ हात.

प्रोफेसरने ब्रश उलटसुलट फिरवायला घेतले. थोडा वेळ ते जमलं. पण वस्तऱ्याचा आवाज संथ आणि सारखा येत होता, खर्र, खर्र, आणि लय ही फार चिकट गोष्ट असते. एक ब्रश तिच्यात अडकला. मग दुसराही. खर्र, आणि दोन्ही ब्रश खाली. खर्र, आणि दोन्ही ब्रश वर.

धाकट्याला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला समोर फक्त फेस दिसत होता आणि फेसाखालची हनुवटी. डावा हात गालावर ठेवला होता, मुका. आता उजव्याने स्वतःच्या जबाबदारीवर जायचं, एवढंच तो मनाशी म्हणत होता. कानाखालचा अवघड कोपरा आला. तिथे कातडी दुमडते आणि शीर अगदी वर असते. त्याने वस्तरा तिथे टेकवला.

आणि करंगळीच्या टोकाशी काहीतरी खरखरलं.

दाढीचा खुंट होता. मग दुसरा लागला. मग बोटाखाली शिरेचा ठोका लागला, नंतर गालाचं हाड, आणि शेवटी हनुवटीची खळगी. शेवटच्या आजारपणात वडिलांची दाढी त्यानेच केली होती, अगदी तीच हनुवटी. उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखा हात आतून तापत आला. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते त्याने बाहीला पुसलं, कारण कानाखालचा कोपरा अजून व्हायचा होता. त्याने तो केला. वस्तरा वर गेला, वळला, उतरला, आणि दादाच्या गालावर साबणाची एक रेघसुद्धा उरली नाही.

जजसाहेब उठले. दादाचा चेहरा त्यांनी खिडकीच्या उजेडात इकडून तिकडे फिरवला. गालावरून अंगठा फिरवला, मग गळ्यावरून. अंगठा तपासला.

"निर्दोष," ते म्हणाले. "वस्तरा धाकट्याचा."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. आता तो हुज्जत घालणार, तुरटी लावून काहीतरी शोधून काढणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण दादा खुर्चीतून सावकाश उठला आणि डावा हात काखेत घालून उभा राहिला.

"गारठा पडलाय का?" त्याने विचारलं.

"छे! उकडतंय," प्रोफेसर म्हणाला. सगळं पुस्तकाबरहुकूम झाल्यामुळे तो खुशीत होता. त्याने रबरी हात एका बोटाला धरून उचलला आणि पिशवीत कोंबायला लागला.

"हळू!" दादा ओरडला.

सगळे वळले.

"म्हणजे... कॉलेजची वस्तू आहे," दादा म्हणाला. कपाळावर घाम होता. "बोट मोडायचं."

"मोडलं तर मोडलं. उद्या वर्गात याचा चेंदाच होणार आहे. धड्याच्या शेवटी मी यावर हातोडा घालतो. पोरं काय किंचाळतात म्हणून सांगू!"

दादाने दोन ढांगांत दुकान ओलांडलं, पिशवीतून तो हात काढून घेतला आणि छातीशी धरला. तान्ह्या पोराला धरतात तसा, डोक्याखाली तळवा देऊन, फक्त डोकं नव्हतं.

"हा इथून हलणार नाही," तो म्हणाला.

"अहो दादा, पण मी कॉलेजात काय सांगू?"

"हरवला म्हणून सांगा."

"इतका मोठा हात कसा हरवेल?"

"माझा हरवला तसाच," दादा म्हणाला. त्याचा चेहरा बघून प्रोफेसरने पिशवीची चेन निमूटपणे लावली. धाकट्याने नुसता फळीवरचा कोरडा टॉवेल पुढे केला, आणि दादाने तो रबरी हाताभोवती गुंडाळला. तेव्हा कुठे त्याचा काखेतला हात बाहेर आला.

प्रोफेसरने तो धडा पुढे खडू-फळ्यावरच घेतला. पोरं झोपली. कोर्टाच्या ग्रंथालयात चित्रावरची मिशी रंगाने बुजवली गेली, आणि पाहुण्यांनी चित्र अगदी हुबेहूब असल्याचा निर्वाळा दिला. पुढे साहेबांची मिशी पुन्हा आली तेव्हा मात्र वकीलमंडळी चित्रासमोर उभी राहून हे गृहस्थ कोण असं एकमेकांना विचारू लागली.

सलूनमध्ये वस्तऱ्याचा विषय परत कधी निघाला नाही. पहिल्या खुर्चीत गिऱ्हाईक डोळे मिटून म्हणतं, "धाकट्या, हात कसला रे हलका तुझा!" आणि दुसऱ्या खुर्चीवर कात्री शांतपणे चालत राहते. दादाचं बरंचसं लक्ष आरशाखालच्या फळीकडे असतं. तिथे टॉवेलाच्या घडीत तो हात आडवा झोपवलेला असतो. थंडीत टॉवेल बदलून जाड येतो. सकाळी दुकान उघडल्यावर दादा आधी तिथे जातो, घडी नीट करतो, आणि मगच पोरांच्या मानेला हात लावतो. नवीन गिऱ्हाइकाने विचारलंच तर दोघे भाऊ एकाच वेळी सांगतात, पाहुण्यांचा आहे, विसरून गेलेत.

परवा सुट्टीचा दिवस होता. शटर अर्धं खाली ओढून धाकटा पट्ट्याला तेल लावत बसला होता. दादा मागे येऊन उभा राहिला. घसा खाकरला. आयुष्यात धाकट्याकडे त्याने कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे सुरुवात कुठून करायची ते त्याला कळत नव्हतं.

"एक काम होतं."

"बोल ना."

"नखं कापून देतोस? अडकतात कशाला तरी."

धाकट्याने दादाच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांची नखं व्यवस्थित कापलेली होती. मग त्याने वर पाहिलं. दादा त्याच्याकडे बघत नव्हता, फळीकडे बघत होता.

"दादा, रबराची नखं वाढत नाहीत."

"ते मला माहितीय रे," दादा अगदी हळू म्हणाला.

धाकट्याने पट्टा बाजूला ठेवला. हात पुसले. फळीवरून ती घडी उचलली, मांडीवर उलगडली, आणि खणातून नेलकटर काढलं.

"अंगठ्याचं जरा जपून," दादा म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

टक् असा आवाज झाला. दादाने बरं वाटल्यासारखा सुस्कारा सोडला. काहीतरी फरशीवर पडलं.

दोघांपैकी कोणीही खाली पाहिलं नाही.